नावाड्याची चाल

दातांच्या डॉक्टरांचा सगळ्यात मोठा आक्षेप दातांवर होता. त्यात नवल काही नव्हतं.

"पुस्तकात नावाड्याला पुढचे दातच नाहीत," ते म्हणाले. "बिचारा शीळ घालायला जातो आणि नुसती हवा येते. आणि सिनेमात? सिनेमात तो हसला आणि मी डोळ्यांवर हात धरला. इतके सरळ दात निसर्ग देत नाही. ते आमच्याकडेच मिळतात."

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत मंडळ भरलं होतं. मंडळ म्हणजे माणसं तीन. दुकानाचे मालक चष्मेवाले, दातांचे डॉक्टर आणि चष्मेवाल्यांचा मेहुणा. मेहुणा रेडिओ दुरुस्त करी, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीत आवाज पुरेसा आहे की नाही एवढंच तो बघे. दर शनिवारी शटर अर्धं खाली ओढून हे तिघं एकच चार खंडी कादंबरी मोठ्यानं वाचत. संपली की पुन्हा पहिल्यापासून. तिच्यात सावली नसलेली राणी होती, सर्दीनं बेजार झालेला ड्रॅगन होता, आणि मेलेल्यांना नदीपार नेऊन सोडणारा म्हातारा नावाडी होता. प्रत्येक खंडाच्या शेवटी नावाडी एक गाणं म्हणे.

खोलीच्या पडद्यापलीकडे चष्मेवाल्यांची बायको लोकांचे कपडे शिवी. ती मंडळाची सभासद नव्हती. पण कादंबरी खरी ऐकली होती ती तिनंच, कारण तिचे हात चालत असत आणि तोंड बंद असे. मंडळात नेमकं उलटं होतं. आज ती एका गिऱ्हाइकाच्या घरी त्याचा कोट अंगाला नीट बसतो का ते बघायला गेली होती, म्हणून सिनेमाचा विषय निघू शकला.

"राणी बरी होती," चष्मेवाले म्हणाले. "पण तिला सावली होती. भिंतीवर. चांगली ठसठशीत."

"भावोजी, तुम्ही दोघं सिनेमा बघायला गेलात की तपासणीला?" मेहुणा म्हणाला. "ड्रॅगन शिंकला तेव्हा माझी खुर्ची हलली. खुर्ची! पुस्तक वाचताना कधी हललीय?"

"तुझी हलते. तू डुलक्या घेतोस," डॉक्टर म्हणाले. "आणि ते सगळं मी माफ करीन. पण गाण्याची चाल बदलली, ते नाही. मी बाहेर पडताना तिकिटं फाडणाऱ्याला सरळ सांगितलं, चाल चुकलीय म्हणून."

"तो काय म्हणाला?"

"पुढचा खेळ सहाला आहे म्हणाला."

"पण मूळ चाल किती साधी होती," चष्मेवाले हळूच म्हणाले.

"कुठली मूळ चाल?" मेहुण्यानं विचारलं.

"पुस्तकातली."

"पुस्तकात चाल कुठून येणार, भावोजी? पुस्तकात शब्द आहेत. चाल आमच्या ताईची आहे."

डॉक्टरांनी तिसरा खंड ओढून घेतला, गाण्याचं पान काढलं आणि बराच वेळ समासात शोधलं. मग पुस्तक मिटून ठेवलं. इतकी वर्षं ते गाणं इतक्या वेळा म्हटलं गेलं होतं की ती चाल कागदावर छापलेलीच आहे अशी तिघांची खात्री झाली होती.

खरं तर चाल बायकोची आहे हे चष्मेवाल्यांना सिनेमाच्या हॉलमध्येच आठवलं होतं; आत्ता 'पुस्तकातली' हे नुसतं सवयीनं तोंडात आलं. नावाडी वल्हं उचलतो, शंभरेक व्हायोलिनं एकदम उठतात आणि चाल पाखरासारखी वर जाते, तेव्हा. त्यांच्या अंगावर काटा आला होता, आणि लगेच काटा आल्याबद्दल शरम वाटली होती. घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, सिनेमा रटाळ आहे. ती म्हणाली, बघते की मी पण एकदा. ते म्हणाले, खुर्च्यांत ढेकूण आहेत.

जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या मापानं कापड कापलं, एवढी एक चाल काय ती स्वतःच्या मनानं रचली, असं त्यांना वाटे. त्या व्हायोलिनांसमोर ती चाल किती बापुडवाणी दिसेल, आणि ते तिला दिसलं तर? अलीकडे ती मशीनवर गप्पच बसलेली असायची. ही गोष्टही त्यांनी मनाला लावून घेतली होती.

"पुढच्या शनिवारी चौथा खंड संपतोय," ते म्हणाले. "शेवटचं गाणं आपण नुसतं वाचू. म्हणायचं नाही."

"का?"

"माझा घसा ठीक नाही."

"पुढच्या शनिवारी ठीक नसणार हे आज कळलं?" मेहुणा म्हणाला. पण डॉक्टरांनी त्याला डोळ्यांनी दाबलं आणि ठराव मंजूर झाला.

मधल्या आठवड्यात एका सकाळी चष्मेवाले मागच्या खोलीत एका आजोबांच्या चष्म्याच्या दांडीत स्क्रू बसवत होते. पडद्यापलीकडे मशीन चालू होतं आणि मशीनवर कुणीतरी गुणगुणत होतं. चाल वर गेली. पाखरासारखी. स्क्रू हातातून निसटला आणि जमिनीवर कुठे गेला ते कळलं नाही.

त्यांनी पडदा बाजूला केला. "अगं, हे तू काय म्हणतेयस?"

"सिनेमातलं गाणं."

"तू सिनेमा पाहिलास?"

"दोनदा. डॉक्टरांच्या बायकोबरोबर."

"आणि ढेकूण?"

"एकही नव्हता. मी शोधले."

चष्मेवाले शिवायच्या कपड्यांच्या ढिगावर बसले. तिनं त्यांच्याखालून एक बाही ओढून घेतली.

"तुला वाईट नाही वाटलं?" त्यांनी विचारलं. "तुझी चाल टाकून त्यांनी दुसरीच..."

"माझी चाल त्यांना ठाऊक तरी होती का? आणि सिनेमातली कितीतरी चांगली आहे. मी रडले की."

"पण तू ती नावाड्यासाठी इतक्या मनापासून केली होतीस."

"नावाड्यासाठी केली असती तर चांगली केली असती," ती म्हणाली आणि दोरा दातानं तोडला. "तुम्ही हट्ट धरलात, नावाडी मीच वाचणार. आणि गाणं आलं की जे सुटायचात! डॉक्टर उगाच आपला चष्मा पुसत बसायचे. माझा भाऊ पाणी प्यायला उठायचा. तुम्हाला काही कळायचं नाही, पण मला इथे बसून कळायचं ना. मग मी नीट ऐकलं. वर गेलात की फाटत होतं, खाली गेलात की ऐकूच येत नव्हतं. मधे तीन सूर तेवढे धड होते. तेवढ्यात बेतलं."

चष्मेवाल्यांनी मनातल्या मनात चाल म्हणून पाहिली. खरंच तीन होते. आजवर त्यांना तो नावाड्याचा साधेपणा वाटत आला होता.

"मला वाटलं, ती एक गोष्ट तरी तू कुणाच्या मापानं केली नव्हतीस."

"अहो, मला मापाशिवाय काही करताच येत नाही," ती म्हणाली. "आणि कशाला करू?"

"पण हल्ली तू ती म्हणत नाहीस."

"मी कधी म्हणायचे? ती तुम्ही म्हणायचात." तिनं पायाखाली बघितलं. "तो स्क्रू इकडे आलाय. उचला, आजोबा खोळंबलेत बाहेर."

शनिवारी तिघं जमले. डॉक्टर वाचत होते. राणी मेली, ड्रॅगन शेवटचं शिंकला, आणि नाव काठाला लागली. गाणं आलं तसं डॉक्टरांनी ठरावाप्रमाणे आवाज सपाट केला आणि पहिली ओळ बाजारभाव वाचावेत तशी वाचली.

"थांबा," चष्मेवाले म्हणाले. "नावाडी मी आहे."

"घसा?" मेहुण्यानं विचारलं.

"तिनापुरता बरा आहे," चष्मेवाले म्हणाले. तीन काय, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनी गाणं सुरू केलं. पडद्यापलीकडचं मशीन थांबलं. डॉक्टरांचा चष्मा नाकावरच राहिला, मेहुण्याला तहान लागली नाही. नाव तीन सुरांवर डुलत संथपणे निघाली. मधोमध आल्यावर चष्मेवाल्यांना जरा जोर चढला. व्हायोलिनं आठवली, आणि एका ओळीला ते मान उंचावून चौथ्या सुराला हात घालायला गेले. त्याचा व्हायचा तो आवाज झाला.

"अहो!" पडद्यामागून हाक आली. "उसवलं!"

चष्मेवाले मुकाट्यानं खाली आले, आपले तीन सूर धरले आणि नाव पैलतीराला लावली.