मिलूद आणणार होता ती सायकल

आमच्या खुरिब्गात, या खाणींच्या गावात, जून उजाडला की कुणी काही विकत घेत नाही. मिक्सर बिघडला तरी बायका खलबत्त्यावर भागवतात, कारण समुद्रापलीकडे इटलीत कामाला गेलेलं कुणीतरी ऑगस्टात येणार आणि गाडीच्या टपावर बांधून सगळं आणणार. तिकडचं जुनं ते अस्सल आणि इकडचं कोरं ते नकली, अशी आमच्या गावाची श्रद्धाच आहे. मीही त्याच गावची. त्या श्रद्धेपायी सहा उन्हाळे सायकलीवाचून काढले.

म्हणजे घरात वडिलांची सायकल होती, खाणीवर जायची, लोखंडाचा नुसता गाडा. मला हवी होती रेसची. पातळ चाकांची, खाली वळलेल्या हँडलची, एका हाताने उचलता येईल अशी. रविवारी पहाटे गावातल्या पाच-सहा बायका तसल्या सायकलींवरून शेजारच्या वाद झेम गावाच्या रस्त्याला लागतात. एकदा त्यांच्यातल्या एकीने मला तिची चालवायला दिली, चौकापर्यंत. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. बेचाळिसाव्या वर्षी, गणिताच्या मास्तरणीला हे शोभतं का, असं आईने विचारलं. मी म्हटलं, नाही शोभत.

धाकटा भाऊ मिलूद इटलीत तोरीनोला असतो. "नवी घेऊ नकोस गं अतीका," तो फोनवर म्हणायचा. "तेवढ्या पैशांत तिथे पत्र्याचा डबा मिळेल. इथली वापरलेली बघतो मी. स्वतः घेऊन येतो." वडील गेले तेव्हा तो पोचू शकला नव्हता. आमच्यात माती त्याच दिवशी देतात, कुणासाठी थांबत नाहीत. त्यानंतर तो आलेलाच नाही. कधी मुलीची परीक्षा, कधी रजा नाही, कधी गाडीचं इंजिन. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी चिडून फोन ठेवायचे, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा वाट बघायला लागायचे.

यंदा जुलैत गावातल्या तिजानीच्या सायकलींच्या दुकानात एक निळी सायकल टांगलेली दिसली. कोरी, माझ्या मापाची.

"लल्ला अतीका, किती वर्षं दुधाची तहान ताकावर भागवणार?" तिजानी म्हणाला. आमच्याकडे बाईमाणसाला आदरानं लल्ला म्हणतात. "भावाचं ताकही अजून आलेलं नाही म्हणा. बसून तरी बघा."

बसले. उतरून तशीच घरी आले आणि मिलूदला फोन केला. "मी नवी घेतेय."

त्याने ओरडावं, थांब, मी निघालोच म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

"ऑगस्टपर्यंत थांब," तो म्हणाला.

मी थांबले. त्याची खोली रंगवली. गाद्या उसवून आतली लोकर धुतली, गच्चीवर वाळवली, पुन्हा भरली. तिजानीला सांगितलं, विकून टाक.

दहा ऑगस्टला दुपारी शेजारच्या बुअज्जाची गाडी आली. तोही तोरीनोलाच असतो. टपावर फ्रीज, खुर्च्या, आणि सगळ्यांच्या वर घोंगडीत गुंडाळलेली सायकल. मी गाडीत पाहिलं. बुअज्जा, त्याची बायको, तीन मुलं. मी पुन्हा पाहिलं.

"मिलूदनं पाठवलीय," बुअज्जा दोर सोडत म्हणाला. "घ्या, अस्सल माल."

लाल सायकल होती. वापरलेली, पण साखळी नवी, चाकं हाताच्या झटक्यानं भिरभिरत राहणारी. तिजानीच्या दुकानात बापजन्मी अशी टांगली गेली नसेल. आणि मी घोंगडी पुन्हा तिच्यावर ओढली. सहा वर्षं तो येणार होता तो या सायकलीसाठी. सायकल आली, आता तो कशाला येईल?

"मोठी आहे," मी म्हणाले.

"बसलात कुठे अजून?"

"नजरेला कळतं. परत न्या. त्याला म्हणावं, माप घ्यायला स्वतः ये."

"अहो, सगळ्या स्पेनभर ही माझ्या डोक्यावर खडखडत आलीय." बुअज्जा हसला, मग हसायचा थांबला. दोर हाताला गुंडाळत राहिला. "मिलूद म्हणाला होता, अतीका 'मोठी आहे' म्हणेल. म्हणाली तरी परत आणू नकोस."

"आणखी काय म्हणाला?"

"जाऊ द्या ना, लल्ला. चला, चहा घेऊ आत."

"बुअज्जा, सांगा."

तो माझ्याकडे न बघता बोलला. "म्हणाला, बाबा नसलेल्या घरात माझा पाय पडत नाही. मी येणार नाही. तिला सांग, आता माझी वाट बघू नकोस."

मी सायकल घेतली आणि तिथेच टांग मारली. माप तंतोतंत होतं. माझी उंची त्याला इतकी नीट आठवत होती, याचा मला सगळ्यांत जास्त राग आला. भर उन्हात, पायात घरच्या चपला, मी वाद झेमच्या रस्त्याला लागले. मला सायकल नको होती, भाऊ हवा होता. आणि सायकल इतकी चांगली होती की पाय थांबेनात.