सुरयांच्या बेटावरची पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, मित्रांनो, आणि मला गोड बोलायची सवय नाही. गावानं माझ्याकडे बघून थुंकण्यापलीकडे काही केलं नाही, म्हणून एकदा काय ते सांगून टाकते.

माझा जन्म सातपूरचा. फारुखभाईंनी आपल्या वर्कशॉपमध्ये मला कापलं, पिवळा रंग दिला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'नदी सुरयची वीण. प्रवेश बंद.' सुरय म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या गोतातला, पण आमच्या गोदावरीवर राहणारा, काळ्या टोपीचा पक्षी. घरटं असं बांधतच नाही, उघड्या वाळूत अंडी घालतो. म्हणूनच तो दर वर्षी कमी होत चाललाय. नाशिकच्या सायलीताई पक्षी वाचवायचं काम करतात. त्यांनी धरणाच्या फुगवट्यातल्या बेटावर मला रोवलं, फोटो काढले. मी तर हुरळूनच गेले.

भांडण त्याच दिवशी पेटलं. पाणी ओसरलं की काठावरच्या गावातली कुसाबाई त्या बेटावर गाळपेर करायची, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात टरबुजं लावायची. तिचं म्हणणं, आम्ही अंड्यांशेजारी तुराटी खोचतो, तेवढी जागा सोडून खुरपतो, सासूच्या काळापासून असंच चालत आलंय. सायलीताईंनी ऐकून घेतलं नाही. अंडी तुडवता आणि वर गोष्टी सांगता, म्हणाल्या. त्यांनी बेटावरची कुसाबाईची खोप, म्हणजे झोपडी, मोडली. तिचा मुलगा वाल्मीक पोहत आला आणि माझ्या तोंडाला चिखल फासून गेला. मीही मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. अडाणी मेला!

एप्रिलमध्ये पाणी गुडघ्यावर आलं आणि काठावरची कुत्री चालत बेटावर शिरली. आधी खोपीतून कुसाबाईची गोफण फिरायची, कुत्र्यांची काय बिशाद! आता तिथं मी एकटी. सुरय किंचाळत त्यांच्या डोक्यावर झेपावत होते, आणि मी आपली 'प्रवेश बंद' मिरवत उभी. कुत्र्यांना कुठलं वाचता येतंय? तीन दिवसांत एक अंडं उरलं नाही. जाता जाता एका कुत्र्यानं माझ्यावर तंगडी वर केली. त्याचा मला रागही आला नाही, इतकी मला माझीच लाज वाटत होती.

सायलीताई आल्या, टरफलं वेचताना रडल्या. काठावरून कुसाबाई म्हणाली, "बाई, तुमची पाटी हाय ना शाबूत? मग झालं."

यंदा सायलीताई स्वतः तिच्या दारात गेल्या, चूक कबूल केली. कुसाबाईनं चहासुद्धा विचारला नाही. पण पाणी ओसरताच ती बेटावर आली, मला उपटलं आणि नव्या खोपीचं दार केलं. आता वाळूत जागोजागी तुराट्या उभ्या आहेत आणि पिल्लं बाहेर पडू लागलीत.

मित्रांनो, पक्षी वाचवायला जाल तेव्हा पाटी ठोकण्याआधी एवढंच विचारा, इथं आजवर राखण कोण करत होतं?

काल सायलीताई पिल्लं बघायला आल्या. कुसाबाईला वाचता येत नाही, पण माझ्यावर काय लिहिलंय ते तिला पाठ आहे. गोफण हातातच ठेवून तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"वाचा की, ताई. तुम्हीच लिवलंय."