शेअरहोल्डरचा गेटपास

सुषमाने उठून आपली खुर्ची देवेशशेठकडे ढकलली.

“बसा शेठ. वापीच्या ट्रकचा गेटपास आज तुम्हीच काढा.”

चिकू निवडणाऱ्या बायांचे हात थबकले. बारावी होऊन उधव्याहून मसोलीच्या या शेडमध्ये कामाला लागलेली पोर, आणि मालकाला कामाला बसवते!

पण मालकाने आत्ताच तिला सुनावलं होतं. गेटपास रोज अडतात, महिनाअखेर कामाला दुसरी मुलगी बघणार म्हणून.

“गेटपासचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा शेअर वर्षात दुप्पट झालाय. मी स्वतः घेतलेत. सॉफ्टवेअर खराब असतं, तर वाढला असता का? तुझेच हात चुकतात.”

आठवडाभर सुषमाला तेच खरं वाटत होतं. घरी ती ताटावर बसूनसुद्धा आपल्या बोटांकडे बघायची. आज सकाळी मात्र तिच्या ध्यानात आलं. मुंबईचे ट्रक बिनबोभाट सुटतात, अडतो तो फक्त गुजरातचा.

देवेशने दोन बोटांनी गाडीचा नंबर टाकला, क्रेटचा आकडा टाकला, ड्रायव्हरचं नाव टाकलं.

“हे बघ, झालं!”

“राज्य राहिलं, शेठ.”

त्याने ‘गुजरात’ निवडलं. भरलेलं सगळं पुसलं गेलं.

“माझ्याकडून काहीतरी दाबलं गेलं वाटतं.”

“मीपण आठवडाभर तेच म्हणत होते.”

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. बाहेर ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना.

“काय हो शेठ,” रखमाबाईने चिकू निवडता निवडता विचारलं, “शेअर वर चढला की चिकूपण आपोआप ट्रकात चढतात का?”

बाया खो खो हसल्या. देवेशने तणतणत हेल्पलाइनला फोन लावला.

“मी तुमचा शेअरहोल्डर बोलतोय!”

रेकॉर्ड केलेल्या बाईने त्याला हिंदीसाठी दोन दाबायला सांगितलं.

वीस मिनिटांनी एक खराखुरा माणूस मिळाला. गुजरातची तक्रार सगळ्यांचीच आहे, तो म्हणाला. नवीन अपडेट आल्यापासून, म्हणजे आठवडाभर. इकडे निम्मी माणसं कमी केलीत, वेळ लागेल.

फोन स्पीकरवर होता. सगळ्या शेडने ऐकलं.

जुनं पावतीपुस्तक काढून सुषमाने हाताने गेटपास लिहिला, शिक्का मारला. ट्रक वापीच्या वाटेला लागला. तिचे कान मात्र लालेलाल झाले होते, आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

देवेश दाराबाहेर जाऊन आपल्या शेअर दलालाशी फोनवर बोलू लागला.

“हो, त्या कंपनीचे सगळे विकून टाक. नाही रे, टीव्हीवर नाही ऐकलं. आमच्या ऑफिसातल्या मॅडम रोज वापरतात ना ते.”

बायांनी एकमेकींना कोपरं मारली.

“दुसरी कुठली? तलासरीत वापरतात त्या सॉफ्टवेअरची? थांब, विचारतो.” त्याने दारातून डोकं आत घातलं. “सुषमा, त्या कंपनीचे घ्यावेत का गं?”

“आधी महिनाभर वापरून बघते,” सुषमा म्हणाली. “मग सांगते.”