पाच नंबरची चिठ्ठी आली नाही

मित्रांनो, माझ्याजवळ याल तेव्हा जोरात फुंकर मारू नका. माझ्या अंगावर ही पिवळसर धूळ दिसते ना, ती साधी धूळ नाही. ती पिल्लांच्या पिसांची लव आहे. एकदा उडाली की थेट नाकात जाते आणि मग शिंका काही थांबत नाहीत. मी आहे एक म्हातारा संगणक. अंडी उबवायच्या खोलीत, दाराशेजारच्या लोखंडी टेबलावर माझा मुक्काम. एका बाजूचं झाकण नीट बसत नाही, पंखा सुरू होताना खोकतो, आणि नऊचं बटण दोनदा दाबल्याशिवाय दाद देत नाही. पण अजून कामावर आहे! माझ्या वयाचे बाकीचे केव्हाच भंगारात गेले. म्हणून मी जरा मिरवतो, तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला आणि पहिली नोकरी लागली ती एका शाळेच्या कचेरीत. पाच वर्षं मी मुलांचे गुण छापले. "काय झटपट काम करतो हा!" असं सगळे म्हणायचे आणि मी फुशारून जायचो. मग माझ्याहून झटपट काम करणारा एक नवा आला. मला जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी ठेवून दिलं. तिथे मी तीन वर्षं काढली. कुणी वाईट बोललं असतं तरी चाललं असतं हो, पण कुणाला माझी आठवणच नव्हती. फार वाईट वाटायचं.

तिथून मला उचललं ते भाचीनं. भाची म्हणजे या उबवण खोलीच्या मालकिणीची, आत्याची, भावाची मुलगी. ती संगणकांसाठी प्रोग्रॅम लिहायची. मला सायकलच्या मागे दोरीनं बांधून तिनं इथे आणलं आणि टेबलावर ठेवलं. आत्यानं कंबरेवर हात ठेवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा डबा काय करणार इथे? अंडी घालणार आहे का?"

"आत्या, हा तुझ्या नऊही पेट्यांवर लक्ष ठेवणार. तुला सारखं उठून बघायला नको."

तेव्हापासून आत्या मला डबेराव म्हणायला लागली. सुरुवातीला चिडवायला म्हणायची, पुढे तेच नाव पडलं.

आता माझं काम सांगतो. खोलीत कपाटाएवढ्या नऊ पेट्या आहेत. प्रत्येकीत अंडी, आणि अंड्यांना साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब हवी. जास्त झाली तर पिल्लं भाजतात, कमी झाली तर गारठतात. भाचीनं प्रत्येक पेटीला आगपेटीएवढं एक यंत्र लावलं. पेटीतली ऊब मोजायची आणि तारेवरून मला कळवायची, एवढंच त्याचं काम.

पहिल्या प्रोग्रॅममध्ये मी एकेकाला विचारायचो. "एक नंबर, बोल." तो बोलला की दोन नंबर, मग तीन. एके दिवशी तीन नंबरच्या यंत्रात पाल शिरली आणि ते गप्प झालं. मी आपला त्याच्या दारात उभा! "तीन नंबर, बोल. तीन नंबर, बोल." अख्खी सकाळ गेली. तिकडे चार ते नऊ घसा फोडून सांगत होते आणि मी ढिम्म. भाचीनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

मग तिनं मला नवी रीत शिकवली. माझ्यात एक खिडकी केली, तिला सॉकेट म्हणतात. यंत्रांनी दर दहा सेकंदांनी त्या खिडकीत एक छोटी चिठ्ठी टाकायची. "मी चार नंबर, ३७.५." बस्स! या चिठ्ठीला डेटाग्राम म्हणतात. टाकणारा पोच मागत नाही, मिळाली का म्हणून विचारत नाही. एखादी वाटेत हरवली तर हरवली, दहा सेकंदांनी दुसरी येतेच. आणि मला तिनं बजावलं की कुणाच्याही दारात ताटकळायचं नाही. चिठ्ठी पडली की घंटी वाजेल, ती उचलायची, वाचायची, पडद्यावर आकडा लिहायचा आणि आपल्या दुसऱ्या कामाला लागायचं.

अहो, काय मजा यायची! नऊ जण कधीही, कुठल्याही क्रमानं चिठ्ठ्या टाकायचे आणि मी एकटा सगळ्यांना पुरून उरायचो. मधल्या वेळात मी दिवसभराचे आकडे मांडायचो, तक्ते काढायचो. आत्या तर खूश होऊन आल्यागेल्याला माझ्यापुढे आणून उभं करायची. पण एक गोष्ट राहून गेली होती. चिठ्ठी आली तर काय करायचं ते मला शिकवलं होतं. चिठ्ठी आली नाही तर काय करायचं, ते शिकवायचं राहिलं होतं. चिठ्ठी नाही आली की जुना आकडा पडद्यावर तसाच राहायचा.

त्या वर्षी कोंबड्यांवर रोग आला होता. ठिपक्यांच्या कोंबडीची एक जुनी जात त्यात जवळजवळ संपलीच. जनावरांच्या डॉक्टरीणबाई चाळीस घरं फिरल्या. कुठे चार, कुठे सहा, अशी करत त्यांनी एकशे शहाऐंशी अंडी जमवली आणि कापसात गुंडाळून आत्याकडे आणली.

"ताई, एवढीच आहेत," त्या म्हणाल्या. "ही गेली तर जात गेली. पुढच्या वर्षी मला अंडी मिळायची नाहीत."

"डोळ्यांत तेल घालून सांभाळीन," आत्या म्हणाली आणि ती सगळी अंडी पाच नंबरच्या पेटीत ठेवली. वाऱ्याची झुळूकही लागू नये म्हणून पेटीवर आपली जुनी चादर पांघरली. माया हो माया! पण त्या चादरीखाली पेटीचा दिवाही झाकला गेला.

अठराव्या दिवसापासून पेटीचं दार उघडायचं नसतं. आतली ओल टिकली पाहिजे, नाहीतर पिल्लं कवचाला चिकटतात. एकोणिसाव्या दिवशी सकाळी आत्यानं खोली झाडली. झाडूचा दांडा पाच नंबरच्या प्लगला लागला आणि प्लग निसटला. पेटी बंद. त्याच प्लगवर असलेलं ते आगपेटीएवढं यंत्रही बंद. आठ पेट्यांच्या घरघरीत नववी थांबल्याचं कुणाला कळायचं? मला चिठ्ठी येईना. आणि मी पडद्यावर लिहून बसलो होतो, ३७.६. आत्या दर थोड्या वेळानं यायची, पडदा बघायची आणि निर्धास्तपणे परत जायची. मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. पण खोटं दाखवत होतो, आणि मला ते कळतही नव्हतं. आजही आठवलं की माझा पंखा मंदावतो.

दुपारी आत्या हात पुसत पडद्यासमोर उभी राहिली. बाकीच्या पेट्यांचे आकडे नेहमीसारखे चुळबुळत होते. ३७.५ चे ३७.६, मग पुन्हा ३७.५. पाच नंबर मात्र जागचा हलत नव्हता.

"हा एवढा शहाणा कधी झाला?" ती पुटपुटली. "घरात पोर असं गप्प बसलं की त्यानं काहीतरी फोडलेलं असतं."

तिनं जाऊन चादर ओढली. दिवा बंद! तिनं दार किलकिलं केलं, एक अंडं काढलं आणि मिटलेल्या पापणीला लावलं. अंड्याची ऊब ती लहानपणापासून अशीच बघायची, कारण पापणीला चटकन कळतं. अंडं गार पडत चाललं होतं.

प्लग लावला, पेटी पुन्हा घरघरू लागली. निरोप मिळताच भाची सायकल दामटत आली आणि माझ्या नोंदी बघून रडायलाच लागली. पाच तास! शेवटची चिठ्ठी पाच तासांपूर्वीची होती.

"आत्या, तू हातानं बघायचीस तेच बरं होतं. मीच तुला म्हटलं, आकडा बघ. फेकून देते मी हा डबा!"

मी तर गारच झालो. पण आत्यानं तिचा हात धरला.

"त्याला कशाला फेकतेस? तू सांगितलंस तेवढं त्यानं केलं. आणि प्लग कुणी पाडला? मीच ना? आता रडून काय होणार आहे? डोळे पूस आणि त्याला नीट शिकव."

मग आत्यानं स्वतः डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. "बघू या," एवढंच त्या म्हणाल्या.

भाचीनं माझ्यासमोर खुर्ची ओढली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच सोडली. तिनं प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक घातला, म्हणजे मागे पडलेली शिळी चिठ्ठी ताजी म्हणून खपणार नाही. यंत्रांना छोट्या बॅटऱ्या दिल्या, म्हणजे पेटी बंद पडली तरी ओरडायला कुणीतरी शिल्लक राहील. आणि माझ्यात नऊ घड्याळं ठेवली, प्रत्येक पेटीचं एक. चिठ्ठी आली की घड्याळ पुन्हा शून्यावर. तीस सेकंद चिठ्ठी आली नाही की मी जुना आकडा पुसायचा, तिथे "माहीत नाही" असं लिहायचं आणि घंटा बडवायची. थांबून राहायचं मात्र नाही, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या वाचत राहायच्या. मग तिनं एकेका यंत्राची तार मुद्दाम उपटून पाहिली. उपटायची आणि धावत माझ्याकडे यायची. नऊच्या नऊ वेळा मी घंटा वाजवली.

खरं सांगू? मला लाज वाटत होती. एवढा मोठा संगणक, आणि पडद्यावर काय लिहायचं, तर "माहीत नाही"!

एकविसावा दिवस आला. पिल्लं बाहेर यायचा दिवस. चार नंबरच्या पेटीत चिवचिवाट सुरू झाला, सात नंबरमध्ये सुरू झाला. पाच नंबर मात्र शांत. संध्याकाळपर्यंत एका अंड्यालाही तडा गेला नाही. आत्या जेवली नाही.

बाविसाव्या दिवशी सकाळीच डॉक्टरीणबाई आल्या. पेटीसमोर स्टूल टाकून बसल्या.

"ताई, उघडून दोन अंडी बघू या का? आत काही उरलंच नसेल तर कळेल तरी."

"नको," आत्या म्हणाली. "गारठली होती, त्यांना उशीर होणारच. आता उघडलं तर जी जगलीत तीही जातील. मला आजचा दिवस द्या."

डॉक्टरीणबाईंनी होकारार्थी मान हलवली. भाची तर पाच नंबरकडे बघतही नव्हती. दुपार झाली. मी चिठ्ठ्या वाचत होतो. पाच नंबर, ३७.६. पाच नंबर, ३७.५.

आणि पाच नंबरची चिठ्ठी आली नाही.

दहा सेकंद. वाटलं, हरवली असेल वाटेत. वीस सेकंद. घड्याळ पुढे सरकत होतं. तीस! मी आकडा पुसला, "माहीत नाही" लिहिलं आणि जीव खाऊन घंटा बडवली.

भाचीच्या हातातला कप फुटला. "नाही! पुन्हा नाही!" तिघीही पाच नंबरकडे धावल्या. प्लग जागेवर होता. दिवा लागलेला होता. पेटी घरघरत होती. मग चिठ्ठी का थांबली? काचेवर आतून वाफ जमली होती. डॉक्टरीणबाईंनी विजेरी लावली आणि आत्यानं काचेला नाक चिकटवलं.

"अगं बाई!" ती ओरडली. "अगं, हे बघ कोण आलंय!"

आत एक ओलं, लटपटतं पिल्लू उभं होतं. कवच अर्धं पाठीवर, आणि ऊब मोजायची बारीक तार पायात अडकवून त्यानं ती पार उपटून काढली होती. मोजायला काहीच उरलं नाही, म्हणून यंत्रानं चिठ्ठी टाकली नव्हती. पिल्लू मात्र आपल्यालाच त्रास झाल्यासारखं चोच वासून भांडत होतं. त्याच्या मागे आणखी तीन अंडी हलत होती.

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या आणि चष्मा काढून पदरानं डोळे पुसत राहिल्या. भाची एकाच वेळी हसतही होती आणि रडतही होती.

एकशे शहाऐंशीपैकी एकशे बारा पिल्लं निघाली. बाकीची नाही निघाली. ते दुःख आत्याला आजही आहे, मलाही आहे. पण एकशे बारांनी जात जगवली. आता त्या चाळीस घरांच्या अंगणांत ठिपक्यांच्या कोंबड्या पुन्हा माती उकरतात.

त्या संध्याकाळी आत्या माझ्यापाशी आली. फडक्यानं पडद्यावरची लव पुसली आणि म्हणाली, "डबेराव, माहीत नाही म्हणालात, फार बरं केलंत. म्हणून तर आम्ही धावत जाऊन बघितलं."

मित्रांनो, आयुष्यात माझं खूप कौतुक झालं, पण इतकं गोड कौतुक दुसरं नाही. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझ्यासारख्याला शिकवायला बसेल. त्याला बोलणाऱ्यांचं ऐकायला तर शिकवाच, पण गप्प झालेल्यांची आठवण ठेवायलाही शिकवा. आणि त्यानं "माहीत नाही" म्हटलं तर त्याच्यावर रागावू नका. आपले हात पुसा, उठा, आणि स्वतः जाऊन बघा.