मामीची चार वर्षं

माझी मामी बायकांचे कपडे शिवायची, आणि त्या धंद्यात तिने एक नियम जन्मात मोडला नाही: एकीचं माप दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. मापांची वही टेबलाच्या खणात, खणाला कुलूप आणि किल्ली मामीच्या गळ्यात. मी तिच्याकडे काज-बटणं करायला लागले, त्या पहिल्या दिवशी तिने कात्री हातात द्यायच्या आधी हेच बजावलं. "माप शिंपिणीला सांगतात, गावाला नाही." एकदा एक नवरा आला. बायकोला नकळत कोट शिवून द्यायचा होता, म्हणून तिच्या कमरेचा आकडा विचारायला लागला. बिचारा चांगला माणूस, हातात फुलंसुद्धा होती. मामी म्हणाली, "कापड तुम्ही निवडा, कोट मी शिवते. आकडा मात्र तुम्हाला मेल्यावरही कळणार नाही."

तर अशा बाईच्या दुकानात एके दिवशी ओळखपत्राचा फॉर्म येऊन पडला.

देशातल्या प्रत्येकाला एक कार्ड मिळणार होतं. त्यासाठी नाव, पत्ता, दहा बोटांचे ठसे, डोळ्यांचा फोटो आणि जन्मतारीख, तीसुद्धा दाखल्यासकट, द्यायची होती. तारीख कार्डावर ठळक छापून येणार. आणि ते कार्ड वाचनालयात, दवाखान्यात, बसचा पास काढताना, जो मागेल त्याला दाखवायचं. मामीने फॉर्म वाचला, पुन्हा वाचला, आणि मशीनचं पायडल असं काही हाणलं की माझ्या हातातला दोरा तुटला.

पलीकडे मामाचं चष्म्याचं दुकान. दोन्ही दुकानांमध्ये एक दार होतं, त्याला पडदा होता, आणि त्या पडद्यातून दोघांचं दिवसभर भांडण चालायचं. भांडण म्हणजे त्यांची गप्पा मारायची पद्धतच ती.

"सोयीचं आहे कार्ड," पडद्यापलीकडून मामा म्हणाला. "ज्याला लपवायचं काही नाही, त्याने घाबरायचं कशाला?"

"मग न्हाणीघराला कडी कशाला लावता?"

"ते वेगळं!"

"कसं वेगळं? तिथे काय चोरी करता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला तर कडी गायब! मामीने मशीनच्या स्क्रू-ड्रायव्हरने ती काढून डब्यात टाकली होती. कुणी चुकून आत येऊ नये म्हणून मामा पूर्ण आंघोळभर मोठमोठ्याने गात राहिला. त्याचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही हे तुमचं नशीब. तीन दिवस गाऊन चौथ्या दिवशी त्याचा घसा बसला, पण मत काही बदललं नाही. "कार्ड हवंच," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

मामीने मग पदर खोचला. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला माप घेताना ती हात वर करायला सांगायची आणि हात खाली यायच्या आत कार्डाविरुद्धच्या सह्यांचा कागद पुढे करायची. तीन आठवड्यांत दोनशे बारा सह्या झाल्या. तेवढ्यात बातमी आली की राजधानीतून एक अधिकारीबाई लोकांचं म्हणणं ऐकायला येणार. रविवारी दुपारी, नगरपालिकेच्या सभागृहात. आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांनी बोलायला मामीला उभं केलं. मी तिला विचारलं, "मामी, तुला एवढा राग नक्की कशाचा आलाय?" ती म्हणाली, "तत्त्वाचा!" आणि लगेच तोंडात टाचण्या धरल्या. टाचण्या तोंडात असल्या की तिला बोलता येत नाही, हे तिला सोयीचं पडायचं.

रविवारी सभागृह खचाखच भरलं. अधिकारीबाई शांत चेहऱ्याच्या होत्या, जाड चष्मा, शेजारी टिपणं घेणारा कारकून. मामा मुद्दाम तिसऱ्या रांगेत, अगदी समोर बसला होता.

आधी एक बसड्रायव्हर उठला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "माझा भाऊ परगावी रस्त्यात कोसळला. खिशात काहीच नव्हतं. नऊ दिवस तो दवाखान्यात 'अनोळखी पुरुष' म्हणून पडून होता, आणि नऊ दिवस आमची आई दारात बसून होती. कार्ड असतं तर एका दिवसात कळलं असतं. एवढंच सांगायचंय."

मी मामीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. आता ही बोलणार काय?

मामी उभी राहिली. "या दादांना माझ्याकडे उत्तर नाही," ती म्हणाली. "नाव-पत्ता जवळ असलाच पाहिजे. ज्यांना हवा त्यांनी उद्या दुकानात या, मी कोटाच्या आतून शिवून देते, फुकट!" लोक हसले, ड्रायव्हरही हसला. "पण वाचनालयातल्या माणसाला माझी जन्मतारीख कशाला हवी? बसचा पास देणाऱ्याला कशाला? मी पुस्तक नेणार आणि परत आणणार, त्यात माझा जन्म कुठे आला?"

अधिकारीबाईंनी चष्मा वर सरकवला. "पण बाई, वय ही काय एवढी गुप्त गोष्ट आहे?"

"गुप्त नाही हो, माझी आहे!" मामी आता रंगात आली होती, गाल लाल, हात हवेत. "माझी गोष्ट कुणाला सांगायची, कधी सांगायची, ते मी ठरवणार. अठ्ठावन्न वर्षं मी माझं माझं सांभाळत आले, ते काय तुमच्या..."

ती थांबली.

तिचा हात हवेतच राहिला.

आता हे समजून घ्या. दोनच महिन्यांपूर्वी आम्ही मामीचा चौपन्नावा वाढदिवस केला होता. केकवर मामाने स्वतःच्या हाताने चौपन्न लिहिलं होतं. आणि मामा छप्पन्न वर्षांचा. तीस वर्षं घरातल्या प्रत्येक वादात त्याचं शेवटचं अस्त्र एकच असायचं: "मी दोन वर्षांनी मोठा आहे, माझं ऐक!"

मामी हळूहळू तिसऱ्या रांगेकडे वळली. चेहऱ्यावरचा रंग उडालेला. भर सभेत, दोनशे माणसांसमोर, तिने तिचं गुपित स्वतःच्याच तोंडाने सांडलं होतं.

मामा उठून उभा राहिला. "थांबलीस का? पुढे बोल की. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"वय."

"कधीपासून?"

"तुला चाळिशी लागली तेव्हापासून," मामा म्हणाला. "वय सांगायचीस अडतीस आणि जवळच्या चष्म्याचा नंबर निघाला बेचाळीसचा. म्हटलं, एखादीला लागते लवकर. पण पुढे दर दोन वर्षांनी तपासतोय, तुझे डोळे आपले तुझ्यापेक्षा चार वर्षं पुढे! अगं, मी चष्मेवाला आहे, बायको खोटं बोलेल, भिंग कसं बोलेल?"

सभागृह फुटलं. मागे कुणी बाकं बडवायला लागलं. कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि तोंडावर हात धरला.

मामी मात्र हसली नाही. सोळा वर्षं! "मग बोलला का नाहीत?" तिने इतक्या बारीक आवाजात विचारलं की मागच्या रांगा पुढे झुकल्या.

मामाने खांदे उडवले. "तू सांगितलं नव्हतंस ना. तुझी गोष्ट. म्हटलं, सांगेल तेव्हा ऐकू."

"लग्नाच्या वेळी तुमच्या ताईंनी विचारलं, वय काय म्हणून," मामी तिथेच, मायक्रोफोनसमोर सांगायला लागली. "मी अठ्ठावीसची, तुम्ही सव्वीसचे. घाबरले. तोंडातून चोवीस निघून गेलं. मग दर वर्षी वाटायचं, या वर्षी सांगू. दर वर्षी केक यायचा. केक कापून झाल्यावर कसं सांगायचं?"

अधिकारीबाईंनी घसा साफ केला. "माफ करा, तुम्ही कार्डाच्या बाजूने बोलणार होतात ना? नाव यादीत आहे तुमचं."

"होतो बाजूने," मामा म्हणाला. "आता माझा गोंधळ झालाय. हे मला डोळ्यांच्या तपासणीत कळलं तेव्हा मी गप्प बसलो, कारण ही माझी बायको आहे. पण ते वाचनालयातल्या माणसाला कळलं असतं, तर तो का गप्प बसेल?"

"हेच!" मामी ओरडली. टेबलावर हात आपटला, कारकुनाचं पेन उडालं. "हेच तर मी मघापासून सांगतेय!"

आणि मग ती हसायला लागली. असं हसू मी तिच्या तोंडी कधी ऐकलं नव्हतं. चौदा वर्षांची मुलगी हसेल तसं. तीस वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलला की माणूस हलकं होतं म्हणतात. मामी नुसती हलकी झाली नाही, ती उडायला लागली. सभा संपल्यावर पायऱ्या उतरताना ती एकदम थांबली, मामाकडे बोट रोखून म्हणाली, "म्हणजे मी मोठी! दोन वर्षांनी! आता अहो-बिहो बंद. अरे, माझी पिशवी धर!"

"धरतो हो," मामा म्हणाला. "अहो, जरा सावकाश चाला, वय झालं तुमचं."

बस! घरापर्यंत तिचं "अरे" आणि त्याचं "अहो". रस्ता ओलांडताना "अरे, हात दे", दुकानाचं कुलूप उघडताना "अहो, किल्ली तुमच्या गळ्यात आहे". बसथांब्यावर तिला इतकं हसू आलं की ती तिथल्या बाकावर बसली. एक अनोळखी आजोबा काळजीने विचारायला आले, "काय झालं हिला?" मामा म्हणाला, "काही नाही हो, आज अचानक चार वर्षांनी मोठी झालीये." आजोबा घाईघाईने पुढच्या थांब्याकडे चालू लागले.

चार महिन्यांनी सरकारचा निर्णय आला. त्यात सगळं काही आमच्या मनासारखं नव्हतं. कार्ड येणार होतं, बोटांचे ठसेही द्यायचे होते, आणि त्यावर मामी आणि मामा अजून पडद्यातून भांडतात. तो परत थोडासा कार्डाच्या बाजूला सरकलाय. पण नाव-पत्ता सोडून बाकी काय छापायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं, असं ठरलं. आमच्याच नाही, बऱ्याच गावांतून लोक हेच बोलले होते म्हणे. मामीला विचाराल तर श्रेय तिचं एकटीचं.

आम्ही तिघं एकत्रच नोंदणीला गेलो. मामाने जन्मतारीख छापायला सांगितली. मामीने त्या चौकटीवर अशी रुबाबदार फुली मारली की कागद फाटला, दुसरा घ्यावा लागला. मग फोटो. खुर्चीमागे पांढरा पडदा, समोर यंत्र आणि यंत्रामागे एक कडक बाई.

"हसायचं नाही," बाई म्हणाली. "तोंड बंद, नजर समोर. हसलं की यंत्र फोटो घेत नाही."

मामी गंभीर झाली. पार पुतळा.

"अहो, नीट बसा," रांगेतून मामा हळूच म्हणाला.

मामी फिसकन हसली. यंत्राने पींऽऽ केलं. पुन्हा गंभीर, पुन्हा फिसकन, पुन्हा पींऽऽ. पाचव्यांदा बाईने मामाला बाहेर काढलं. तो गेला आणि काचेच्या दाराबाहेर अदबीने हात जोडून उभा राहिला. पींऽऽ! मला हसू आलं, माझ्या मागच्या बाईंना माझं पाहून आलं, आणि तिथून ते रांगभर पसरलं, ज्यांना कारण ठाऊक नव्हतं ती माणसंसुद्धा डोळे पुसायला लागली. कडक बाईने दाताखाली ओठ धरला होता, पण तिचे खांदे हलत होते.

अकराव्यांदा फोटो निघाला. त्यात मामीचे गाल फुगलेत, ओठ घट्ट मिटलेत, डोळे मात्र ऐकत नाहीयेत. यंत्राने कसा काय तो घेतला, देव जाणे. आता ती ते कार्ड कुणी मागायच्या आधीच काढून दाखवते.