साडेवीस वेढे

“वीस आणि अर्धा,” शेरालि आके म्हणाले आणि तिथेच थांबले.

त्यांच्या अंगणात निवा गाडीचा जुना मागचा ॲक्सल दोन ओंडक्यांवर ठेवला होता. मी नान द्यायला म्हणून आलो, तर त्यांनी मला एक चाक धरायला बसवलं. दुसरं ते स्वतः फिरवत होते. आके म्हणजे थोरले भाऊ; आम्ही सगळे त्यांना तेच म्हणतो.

“पुन्हा धर, मुकाश. घट्ट.”

जुन्या ॲक्सलवर दात्यांच्या प्रमाणाचा आकडा कोरलेला असतो, पण आमच्या मुलुखात आतले दाते कोणी ना कोणी बदललेले असतातच. म्हणून आके मोजतात. एक चाक धरायचं, दुसऱ्याला दहा वेढे द्यायचे आणि मधला दांडा किती फिरतो ते त्याच्यावरच्या खडूच्या रेघेवरून बघायचं. साडेएकोणीस भरले तर तीन-नऊचा ॲक्सल, साडेवीस भरले तर चार-एकचा. चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करताना ते हेच करत आलेत. घाटाच्या अलीकडे त्यांच्या मोजणीवर कोणी शंका घेत नाही.

दुसऱ्यांदाही साडेवीस भरले.

“हा तीन-नऊ असायला हवा,” आके म्हणाले. “भंगारवाल्यानं दोन ॲक्सल दिले आणि शपथेवर सांगितलं, एक जुन्या निवाचा आहे, चार-एक, आणि एक नव्या निवाचा, तीन-नऊ. त्यातला चार-एक मोजून मी परवा बुरुलच्या गाडीत मागे घातला.”

“मग भंगारवाला खोटं बोलला.”

“तो नाही.” आके हात पुसत राहिले. “परवा मी मोजत होतो, तेव्हा तू तुझ्या वडिलांना घेऊन आलास.”

मला आठवलं. बाबा आले म्हणून आके उठले, दोन्ही हातांनी हात घेतला, मेंढ्या कशा आहेत, सुना कशा आहेत, गुडघा कसा आहे, सगळं रीतसर विचारलं. मग खाली बसून म्हणाले, सतरा होते की सोळा? बाबा हसले होते. “तुला मोजावं लागतं होय, शेरालि? तू हात लावलास की लोखंड आपणहून बोलतं.” आके लाजले, सतरा धरून पुढे गेले. एवढी स्तुती ऐकल्यावर पहिल्यापासून कोण मोजणार? मीही तेव्हा खूश होऊन हसलो होतो. खरे सोळाच असणार; म्हणजे बुरुलच्या गाडीत गेला तो तीन-नऊ.

“बुरुल कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“तासाभरापूर्वी घाटाकडे गेली. पलीकडे एक बाई अडली आहे.”

बुरुल आमच्याकडची नर्स. तिच्या गाडीची चारही चाकं ओढतात. पुढे चार-एक आणि मागे तीन-नऊ असलं तरी सपाटीवर काही कळत नाही. पण बर्फात चढताना पुढची-मागची चाकं एकत्र बांधणारा मधला लॉक लावला की पुढची चाकं एक चाल धरतात, मागची दुसरी, आणि कोणत्या तरी दोन चाकांना घसरावंच लागतं. घाटात उजव्या हाताला नुसती दरी आहे.

फोन लागेना. मी नानची पेटी अंगणातच उतरवली आणि गाडी काढली. आके पाना मांडीवर घेऊन शेजारी बसले.

“ती लॉक कुठे लावते?” मी विचारलं.

“रस्तेवाल्यांच्या चौकीपासून वर. मीच शिकवलंय.”

चौकीवरच्या माणसानं वर बोट दाखवलं. कधीच गेली म्हणे. पहिल्या वळणावर टायरची रेघ सरळ होती. दुसऱ्यावर ती आडवी पसरलेली दिसली. आके काचेपाशी वाकले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी गिअर उतरवला.

तिसऱ्या वळणावर निवा आडवी उभी होती. मागचं उजवं चाक कडेपासून वीतभर. बुरुल बाहेर येऊन चाकाखाली दगड लावत होती.

“लॉक लावला की माजल्यासारखी करते ही,” ती म्हणाली. “काय घातलंत आके तुम्ही?”

“चुकीचा ॲक्सल घातला. मोजताना एक वेढा चुकलो.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

“एक वेढा?”

“एकच.”

“त्या बाईला काल रात्रीपासून कळा येताहेत. मला वर पोचवता का, तेवढं सांगा. बाकीचं नंतर.”

मी माझ्या गाडीला दोर बांधून निवा ओढून धरली. आके बर्फात पाठीवर आडवे झाले आणि गाडीखाली सरकले. पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा काढून टाकायचा होता, म्हणजे नुसती मागची दोन ओढतील, भांडायला कोणी उरणार नाही. आठ बोल्ट. पाचव्याला गाडी बोटभर सरकली, दोर कडकडला. “आके, बाहेर या!” मी ओरडलो.

“तू ब्रेक सोडू नकोस,” आतून आवाज आला. “सहावा सुटलाय.”

दांडा बाहेर आला. बुरुलनं तोवर मागच्या चाकांना साखळ्या चढवल्या होत्या.

“लॉक काढू नकोस, नाहीतर मागचीही ओढणार नाहीत,” आके म्हणाले. “उतारावर पहिल्या गिअरमध्ये राहा.”

ती गेली. आवाज ऐकू येईनासा झाला तरी आके उभेच होते. मग आम्ही चौकीत येऊन बसलो. चहा पुढे आला, त्यांनी घेतला नाही. चार वाजता चौकीचा फोन वाजला. मुलगी झाली होती, आई ठीक होती. आके भिंतीकडे तोंड करून बसले, मला रडताना दिसू नये म्हणून.

तिसऱ्या दिवशी बुरुलनं निवा त्यांच्या अंगणात आणली. आकेंची चूक गावभर झाली होती; सकाळपासून चार माणसं येऊन गेली होती. काम मात्र कोणी आणलं नव्हतं. आकेंनी तिला खडू दिला.

“मी फिरवतो. मोजायचं तू.”

“मला काय कळतं त्यातलं?”

“वीसपर्यंत येतं ना तुला?”

मी ओंडक्यांवरच्या ॲक्सलचं चाक धरलं. बुरुल रेघेसमोर गुडघे टेकून बसली आणि शाळेतल्यासारखं मोठ्यानं मोजू लागली. आके दुसरीकडे बघत चाक फिरवत होते.

“वीस आणि अर्धा,” ती म्हणाली.

“पुन्हा मोज,” आके म्हणाले.