शुद्धिपत्रात न आलेली चूक

डॉ. हरीश निमकरांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं आणि सौदीतल्या हाइल शहरातली चाळीस मराठी कुटुंबं त्यांचा फोन उचलण्याआधी दोनदा विचार करू लागली. कारण फोन उचलला की हरीशराव 'हॅलो' न म्हणता 'ऐका हं' म्हणायचे, आणि मग प्रकरण दुसरं, परिच्छेद चौथा ऐकल्याशिवाय सुटका नसायची. पेशाने ते भूलतज्ज्ञ. एका खाजगी हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं माणसं झोपवण्याचा सराव होता, तो असा कामी आला.

पुस्तकाचं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं: 'तप्त वाळूवरची पावलं'. मजकूर सवडीने. नाव ऐकून त्यांच्या पत्नीला, कौमुदीला, प्रश्न पडला की ही पावलं नेमकी कुणाची. हरीशराव एसीच्या घरातून एसीच्या गाडीत बसत आणि एसीच्या हॉस्पिटलात उतरत. सत्तावीस वर्षांत त्यांच्या बुटात वाळू गेली ती एकदाच, मराठी मंडळाच्या सहलीत, आणि ते बूटही कौमुदीनेच झटकले होते. शिवाय हाइलला थंडीत दात वाजतात, घराघरांत हीटर लागतात. पण हीटर पुस्तकात घ्यायला लेखकाची तयारी नव्हती. "त्याने वातावरण बिघडतं गं," ते म्हणाले.

लेखनासाठी जेवणाचं टेबल जप्त झालं. घरातली माणसं मांडीवर ताटं घेऊन जेवू लागली, म्हणजे माणसं दोनच, त्यातली एक लेखक. मूड लागला असताना मिक्सर लावायचा नाही, आणि मूड नसताना तर मुळीच नाही, कारण तो लागायच्या बेतात असायचा. त्या वर्षी कौमुदीने चटण्या पाट्यावर वाटल्या असत्या, पण हाइलमध्ये पाटा कुठून आणायचा?

मग पुण्याच्या प्रकाशकांचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, लेखन ओघवतं आहे, पण सोसणं कमी पडतंय. आखात म्हटलं की वाचकाला सोसणं लागतं. कधी उपाशीबिपाशी राहिलात का?"

हरीशरावांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "अगं, आपण उपाशी कधी राहिलो होतो?"

"तुमचं कोलेस्टेरॉल वाढलं होतं तेव्हा महिनाभर तूप बंद केलं होतं मी."

पुस्तकात 'अन्नावाचून काढलेला महिना' असं एक प्रकरण आलं. आठवड्याने प्रकाशकांनी उंटांची चौकशी केली. हरीशरावांनी उंट पाहिले होते ते गाडीच्या काचेतून, ताशी एकशे वीसच्या वेगाने. तरी अख्खं नववं प्रकरण उंटांना मिळालं आणि त्यातला एक उंट तर लेखकाच्या डोळ्यांत डोळे घालून काहीतरी सांगून गेला.

कौमुदी हे सगळं हसून बघत होती. तिचं मागणं एकच होतं, आणि तेही तिने मोठ्याने कधी मागितलं नव्हतं. कऱ्हाडच्या कॉलेजात ती मराठी शिकवायची. व्याकरण हा तिचा हातखंडा विषय. तिच्या तासाला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा समास सोडवायची. हरीशरावांना हाइलची नोकरी लागली तेव्हा तिने राजीनामा दिला आणि इथे आली. इथे राहायचं तर इकामा लागतो, म्हणजे राहण्याचा सरकारी परवाना. तो नवऱ्याला नोकरीवर मिळाला आणि तिला नवऱ्यावर. तिच्या कार्डावर स्वच्छ छापलेलं होतं की हिला काम करण्याची परवानगी नाही. तो राजीनाम्याचा दिवस तेवढा पुस्तकात यावा, एवढीच तिची इच्छा होती. अर्धं पान चाललं असतं.

"माझ्याबद्दल काय लिहिलंत हो?" तिने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आहे गं, आहे. छापून आल्यावर वाच. सरप्राइज!"

"मग प्रुफं तरी मी बघते."

"छे छे! घरच्या माणसाला चुका दिसत नाहीत. प्रकाशकांकडे तज्ज्ञ आहेत, निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्य गेलंय त्यांचं ऱ्हस्व-दीर्घात."

पिकतं तिथे विकत नाही, हे कौमुदीला नव्याने कळायचं नव्हतं.

पुस्तकं आली. त्यांचा मुलगा विपुल रियाधला, ओलाया भागातल्या एका कन्सल्टन्सीत होता. त्याच्या पत्त्यावर आलेली खोकी डिकीत घालून त्याने हाइलला आणली. "नाइस कव्हर, बाबा," तो म्हणाला आणि पुस्तक उलटं धरून मागचा फोटो बघितला. आई दर शुक्रवारी दिवाणखान्यात मंडळाच्या मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायची. त्या वर्गातून कितीतरी मुलं मराठी वाचायला शिकून गेली. घरचा विद्यार्थी तेवढा कोरडा राहिला.

पहिली प्रत कादिरभाईंना गेली. कादिरभाई दापोलीकडचे, हॉस्पिटलच्या कचेरीत कागदपत्रांचं बघायचे. सगळ्या डॉक्टरांचे इकामे वेळच्या वेळी नवे करून आणणं हे त्यांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन आला. हरीशरावांनी कौतुक कौमुदीलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"डाक्टर, ह्या काय लिवलंव तुमी?"

"आवडलं का?"

"आवडायचं ऱ्हाऊ द्या. पान चव्वेचाळीस काढा. 'मदिरा बोलावेल तेव्हा हातातलं काम टाकून धावत जावं लागे.' पेशंटला टेबलावर टाकून तुमी दारूकडं धावायचंव? सौदीत? अवो, तुमच्या कागदांवर माजी सही हाय!"

हरीशरावांनी पान काढलं. त्यांनी लिहिलं होतं 'मुदीर', म्हणजे हॉस्पिटलचे मुख्य साहेब. पुण्याच्या तज्ज्ञांना असला शब्द माहीत नव्हता. त्यांनी तो दुरुस्त केला होता, आणि माणूस कामसू असल्यामुळे लिंग, वचन, क्रियापद सगळं जुळवून घेतलं होतं. पुढच्याच ओळीत होतं, 'माझ्या कारकिर्दीत तीन मदिरा बदलल्या, पण प्रत्येकीने मला प्रेम दिलं.'

मग एकेक बाहेर पडायला लागलं. परदेशी नोकराचा जामीनदार मालक तो कफील. पुस्तकात त्याचा सगळीकडे वकील झाला होता आणि हा वकील दर ईदला अशिलाला खजूर पाठवत होता. आणि 'इकामा'! तज्ज्ञांनी ठरवलं की लेखकाचा 'र' गळला. पान सत्तावीसवर भर रस्त्यात पोलिसाने डॉक्टरांना अडवून विचारलं होतं, "रिकामा?" डॉक्टर म्हणाले होते, "आहे." आणि पोलिसाने त्यांना सन्मानाने जाऊ दिलं होतं.

कौमुदी हसली. खुर्चीचे हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. हरीशराव मात्र कॅलेंडर बघायला धावले. शुक्रवारी प्रकाशन होतं, आठ दिवस राहिले होते, मुदीरसाहेबांना स्वतः भेटून आमंत्रण दिलेलं होतं.

"शुद्धिपत्र घालू," ते म्हणाले. "प्रत्येक प्रतीत. तूच कर कौमुदी. मला तर पुस्तक उघडवतसुद्धा नाहीये. आणि तू काय, दिवसभर मोकळीच असतेस."

आता हे काम करू शकणारं माणूस साऱ्या हाइलमध्ये एकच होतं, हे खरं. हरीशरावांना सत्तावीस वर्षांत चार अरबी शब्द आले होते, त्यातले दोन 'यल्ला' आणि 'खलास'. कौमुदी शेजारच्या अस्माकडून अरबी शिकली होती, आधी भाजीपुरती, मग वर्तमानपत्रापुरती. घरात आलेली सरकारी पत्रं तीच वाचायची, विपुलच्या दाखल्यासाठी खिडक्यांवर तीच भांडली होती, आणि एकदा तर हरीशरावांच्या नोकरीच्या करारातली एक गोची तिनेच शोधून काढली होती. पुस्तकात त्या कराराला दोन पानं होती. ती गोची तिथे लेखकाच्या चाणाक्ष नजरेला दिसली होती.

पाच दिवस सकाळी, हरीशराव कामावर गेले की, कौमुदी जेवणाच्या टेबलाशी बसायची. डावीकडे हस्तलिखित, उजवीकडे पुस्तक, हातात लाल पेन. खूप वर्षांनी तिला कामाला बसल्यासारखं वाटत होतं, आणि ते तिला आवडत होतं, हे तिने स्वतःशी कबूलही केलं. तज्ज्ञांबद्दल तर तिला थोडा आदरच वाटायला लागला. एक वेलांटी इकडची तिकडे नव्हती. चुकीचं पण शुद्ध.

चुका शोधता शोधता ती राजीनाम्याचा दिवसही शोधत होती. 'निर्णय' नावाचं प्रकरण होतं. त्यात 'मी एकट्याने वाळवंटात उडी घेतली' असं होतं. ती उडी घेतली तेव्हा विमानात शेजारच्या सीटवर आपण सहा महिन्यांच्या विपुलला घेऊन बसलो होतो, हे तिला चांगलं आठवत होतं. पहिल्या गाडीला तीन पानं होती. कादिरभाईंना दीड. उंटांचं तर सांगितलंच.

चौथ्या दिवशी पान दोनशे अकरा आलं. हस्तलिखितात, हरीशरावांच्या डॉक्टरी अक्षरात, वाक्य होतं: 'कौमुदी सत्तावीस वर्षं माझ्या इकाम्यावर होती.' त्याच्या पुढे मागे काही नाही. पुढचा परिच्छेद हॉस्पिटलच्या नव्या इमारतीवर. छापील पुस्तकात तज्ज्ञांनी 'र' घातला होता, 'माझ्या' अडचणीचा वाटला म्हणून काढला होता आणि वाक्य नीट सावरून घेतलं होतं: 'कौमुदी सत्तावीस वर्षं रिकामी होती.'

या वेळी तिला हसू आलं नाही. वाईट वाटलं, आणि ते छापील वाक्याचं नाही, हाताने लिहिलेल्याचं वाटलं. पुण्याच्या मास्तरांनी काय, न बघितलेल्या बाईबद्दल लिहिलं होतं. हा माणूस तर सत्तावीस वर्षं तिच्या हातचं जेवला होता, आणि त्याला तिच्याबद्दल जे आठवलं ते सरकारी कार्डावर आधीच छापलेलं होतं. तिने शुद्धिपत्रात 'पान २११' असं लिहिलं. समोर 'अशुद्ध' आणि 'शुद्ध' असे दोन रकाने होते. कुठलं वाक्य कुठल्या रकान्यात घालायचं, याचा तिने चहा होईपर्यंत विचार केला, आणि चहा गाळून आल्यावर ती ओळ खोडून टाकली.

प्रकाशन शुक्रवारी दुपारी, शहराबाहेरच्या एका इस्तिराह्यात झालं. अशा भाड्याच्या बागेतच मंडळाचे सगळे कार्यक्रम व्हायचे. मुदीरसाहेब दहा मिनिटं बसून, पुस्तकावरचा उंट बघून 'माशाल्ला' म्हणून गेले. मग बिर्याणी झाली, मग मंडळाच्या अध्यक्ष सुखदाताईंचं भाषण झालं. लोक एव्हाना शुद्धिपत्र वाचायला लागले होते. पुस्तकापेक्षा त्याचाच खप जास्त दिसत होता. "रिकामा?" "आहे!" असं जो तो दुसऱ्याला विचारत होता आणि हसत होता. हरीशराव आधी अवघडले, मग लोक हसतायत म्हणजे पुस्तक पोचतंय असं त्यांनी धरून घेतलं आणि त्यांना स्फुरण चढलं. अन्नावाचूनचा महिना तर त्यांनी पोटभर जेवलेल्या माणसांपुढे साभिनय सांगितला.

शेवटी कादिरभाईंची बायको, शरफुन्निसा, मागून म्हणाली, "डाक्टर, भाभीचा काय लिवलंव, ता वाचा की!"

टाळ्या पडल्या. हरीशरावांना ही सूचना फार आवडली. "अवश्य! या ग्रंथामागची खरी शक्ती ती," असं म्हणून ते पानं उलटायला लागले. पुढून उलटली, मागून उलटली. शक्ती सापडेना.

"दोनशे अकरा," पहिल्या रांगेतून कौमुदी म्हणाली.

हरीशरावांनी पान काढलं, घसा साफ केला, आवाजात भाव आणला आणि वाचलं, "कौमुदी सत्तावीस वर्षं रिकामी होती."

बागेतलं हसणं थांबलं. एका पोराने "रिकामा? आहे!" म्हणायला तोंड उघडलं, त्याला आईने चिमटा काढला. हरीशरावांनी वाक्य पुन्हा मनात वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले. "हा... हा मुद्रणदोष आहे. शुद्धिपत्रात असेलच." त्यांनी शुद्धिपत्र उघडलं, बोट फिरवत खाली आले. दोनशे चार. दोनशे नऊ. दोनशे तेरा.

"अगं कौमुदी, दोनशे अकरा राहिलं तुझ्याकडून!"

कौमुदी उठून उभी राहिली. शुक्रवारच्या वर्गातली तिची सगळी मुलं तिच्याकडे बघत होती, आणि तिचा आवाज अगदी वर्गातला होता.

"राहिलं नाही. तपासलंय मी ते. तिथे मूळ वाक्य आणि छापलेलं वाक्य, अर्थ एकच आहे. आणि लेखकाचं मत प्रुफात बदलता येत नाही. ते लेखकानेच बदलावं लागतं."

ती खाली बसली. शरफुन्निसाने मागून पुढे वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग कादिरभाई उठले. कुणाच्या कागदात खोट राहिली की ती जागच्या जागी दुरुस्त करायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. खिशातलं पेन काढून ते हरीशरावांपाशी गेले आणि शुद्धिपत्र उलटं करून त्यांच्यापुढे धरलं.

"मागची बाजू कोरी हाय, डाक्टर. लिवा."

हरीशरावांनी पेन घेतलं. 'पान २११' लिहिलं. 'अशुद्ध' लिहून पुढे ते वाक्य लिहिलं. मग 'शुद्ध' लिहिलं, दोन टिंबं दिली, आणि कौमुदीने सत्तावीस वर्षं काय केलं ते आठवत उभे राहिले.